५८, ५८ आणि ५६ : फिलाडेल्फिया फिलीजच्या मालकांना खुलं पत्र

२० नोव्हेंबर २०२५

संघाचे मालक माननीय जॉन मिडलटन आणि संघबांधणीचे प्रमुख माननीय डेव्ह डोम्ब्राउस्की यांस,

सादर नमस्कार.

आपल्या शहरात आजवर दोनच बेसबॉलपटूंनी एका हंगामात ५८ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारले आहेत. १९३२ मध्ये शहरातल्या तेव्हाच्या दुसऱ्या संघाच्या, अॅथलेटिक्सच्या, जिमी फॉक्सने आणि २००६ मध्ये आपल्या रायन हॉवर्डने. फॉक्सला त्याच्या मालकांनी अठ्ठाविसाव्या वर्षी विकलं. पुढे त्याने बॉस्टनकडून एका हंगामात ५० होम रन मारले. हॉवर्डला त्याच्या मालकांनी छत्तिसाव्या वर्षापर्यंत धरून ठेवलं. शेवटच्या हंगामात त्याची फलंदाजीची सरासरी ०.१९६, म्हणजे अगदीच सुमार, होती.

यंदा काइल श्वार्बरने ५६ मारले. त्याचा करार संपला आहे, आणि नव्या करारावर सही करायची की नाही हे तुम्हाला येत्या काही आठवड्यांत ठरवायचं आहे. म्हणून हे पत्र.

मी मूळचा सांगलीचा. २००६ च्या उन्हाळ्यात नोकरीसाठी इथे आलो आणि फिलाडेल्फियाजवळ एक्स्टनला घर केलं. बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसातल्या एकाने मैदानावर नेलं, त्या संध्याकाळी हॉवर्डने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला आणि मी या खेळाचा झालो. दोन वर्षांनी आपण वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकलो. ३१ ऑक्टोबर २००८ ची ब्रॉड स्ट्रीटवरची मिरवणूक मी बायकोसोबत पाहिली. माझी मुलगी त्यानंतरची. ती आता सोळा वर्षांची आहे आणि तिने एकही विजेतेपद पाहिलेलं नाही. आमच्या घरात आणि आसपासच्या मराठी घरांत फिलीजवरची भांडणं मराठीतच होतात, म्हणून हे पत्रही मराठीत लिहितो आहे. मुलगी याचं इंग्रजी करून तुमच्या पत्त्यावर पाठवणार आहे.

९ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसमध्ये, डॉजर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात, काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. अकरावी इनिंग, तिन्ही बेसवर (धावेच्या थांब्यांवर) त्यांचे खेळाडू, दोन बाद. चेंडू आपल्या पिचरकडे (चेंडू टाकणाऱ्या) कर्करिंगकडेच आला आणि निसटला. पहिल्या बेसवर फेकायला वेळ होता. त्या चोवीस वर्षांच्या पोराने घाईत होम बेसकडे फेकला, तो कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) रिअलम्यूटोच्या आवाक्याबाहेर गेला आणि हंगाम संपला. मुलीने टीव्ही बंद केला आणि विचारलं, "बाबा, आता सगळ्यांना विकणार का?"

हाच प्रश्न गेला महिनाभर गावभर आहे. कारण आकडे विचित्र आहेत. २०२२ मध्ये आपण ८७ सामने जिंकलो आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत गेलो. २०२३ मध्ये ९० जिंकलो आणि त्याच्या एक पायरी आधी थांबलो. २०२४ मध्ये ९५, यंदा ९६, आणि दोन्ही वर्षं त्याच्याही एक पायरी आधी, चार सामन्यांत घरी. दरवर्षी उन्हाळा जास्त चांगला जातो आणि ऑक्टोबर लवकर संपतो. संघाचा कणा आहे तोच आहे. फक्त त्याचं वय दरवर्षी एकाने वाढतं. हार्पर तेहेतीस, पिचर व्हीलर पस्तीस, टर्नर बत्तीस, पिचर नोलाही बत्तीस. रिअलम्यूटो येत्या मार्चमध्ये पस्तीस होईल. तेही कॅचरच्या जागेवर, जिथे माणूस गुडघे गहाण ठेवून खेळतो.

एक गट म्हणतो, मोडा हा संघ, विका सगळे, पोरं आणा. दुसरा म्हणतो, ९६ सामने जिंकणारा संघ कोण मोडतं? दोन्ही गटांना मला या शहराच्याच दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तुम्हाला त्या ठाऊक आहेत, पण ठाऊक असणं आणि सही करताना आठवणं यात फरक असतो.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. वय ब्याऐंशी. त्यांच्या वडिलांचं अर्धं आयुष्य एकविसावा रस्ता आणि लीहाय अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावरच्या शाइब पार्कमध्ये गेलं. तिथे आता चर्च आहे. त्या काळी फिलाडेल्फियाचा खरा संघ फिलीज नव्हता, मालक-व्यवस्थापक कॉनी मॅकचा अॅथलेटिक्स होता. मॅकने १९१०, १९११ आणि १९१३ ला विजेतेपद मिळवलं. १९१४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बॉस्टनने सलग चार सामन्यांत हरवलं. त्यानंतर पगार परवडेनात म्हणून मॅकने संघ मोडला. एडी कॉलिन्ससारखा खेळाडू ५०,००० डॉलरला शिकागोला गेला. पुढच्या वर्षी संघ १०९ सामने हरला, त्याच्या पुढच्या वर्षी ११७. सलग सात वर्षं तळाला.

त्या खड्ड्यातून मॅक वर आला, हे त्याचं मोठेपण. १९२९ आणि १९३० ला पुन्हा विजेतेपद. ग्रोव्ह, कॉक्रेन, सिमन्स, फॉक्स, एकाच मैदानावर चौघं. मग महामंदी आली, मैदान ओस पडू लागलं, बँकेचं देणं डोक्यावर बसलं आणि मॅकने दुसऱ्यांदा तेच केलं. सिमन्स शिकागोला, कॉक्रेन डेट्रॉइटला, ग्रोव्ह आणि शेवटी फॉक्स बॉस्टनला. या वेळी संघ वर आलाच नाही. १९५४ नंतर तो कॅन्सस सिटीला गेला, तिथून ओकलंडला. आता सॅक्रामेंटोत भाड्याच्या जागेवर खेळतो आहे आणि लास व्हेगासची वाट पाहतो आहे. संघ फिलाडेल्फिया सोडून गेला तेव्हा आजोबा अकरा वर्षांचे होते. त्यांचे वडील त्यानंतर बेसबॉल बघायला कधी गेले नाहीत. सत्तर वर्षांनंतरही ही गोष्ट सांगताना आजोबांचा आवाज बदलतो.

तेव्हा "विका सगळे" म्हणणाऱ्यांनी आधी ही गोष्ट ऐकावी. शिवाय आताचे नियमही त्यांच्या बाजूचे नाहीत. पूर्वी तळाला जाऊन पडलं की ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) पहिला खेळाडू मिळायचा. २०२३ पासून पहिल्या सहा जागांसाठी सोडत निघते आणि मोठ्या शहरांच्या श्रीमंत संघांना त्या सहांत सलग दोन वर्षं जागा मिळत नाही. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले, आणि यंदाच्या ड्राफ्टमध्ये त्यांचा नंबर दहावा होता! हरून हरून श्रीमंत होण्याचा रस्ता आपल्यासाठी बंद आहे.

आता दुसरी गोष्ट. ही मी डोळ्यांनी पाहिली आहे.

एप्रिल २०१० मध्ये हॉवर्ड आपल्या शिखरावर होता. जुन्या कराराची दोन वर्षं शिल्लक होती. तरी तेव्हाच्या व्यवस्थापनाने त्याला पुढच्या पाच वर्षांसाठी साडेबारा कोटी डॉलरचा करार दिला, जो सुरू होणार होता २०१२ मध्ये, म्हणजे त्याच्या वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. आम्ही सगळे खूश झालो होतो. मी स्वतः ऑफिसात पेढे वाटले होते, हेही लिहून ठेवतो.

२०११ मध्ये आपण १०२ सामने जिंकलो. फिलीजच्या इतिहासात तेवढे कधी जिंकलेले नव्हते. हॅलडे, ली, हॅमल्स, ऑस्वाल्ट असे चार पिचर एका संघात. ७ ऑक्टोबरला सेंट लुइसविरुद्धचा पाचवा, निर्णायक सामना आपल्याच मैदानावर. हॅलडेने पहिल्या इनिंगमध्ये एक धाव दिली, त्यानंतर दिली नाही. पण समोर कार्पेंटर होता आणि त्याने एकही दिली नाही. १-०. शेवटचा फटका हॉवर्डचा. चेंडू जमिनीवरून दुसऱ्या बेसकडे गेला, हॉवर्ड धावला आणि अर्ध्या वाटेवर कोसळला. टाचेची शीर तुटली होती. एकीकडे सेंट लुइसवाले नाचत होते आणि आपला साडेबारा कोटींचा माणूस मातीत बसला होता. त्या करारातला पहिला डॉलरही अजून द्यायचा होता.

त्या रात्री एक पिढी संपली होती. ते मान्य करायला आपल्याला चार वर्षं लागली. २०१२ मध्ये पेन्स आणि व्हिक्टोरिनोला दिलं, पण कण्याला हात लावला नाही. रॉलिन्सला नवा करार, अटलीला नवा करार, लीला पंचेचाळीस हजार लोकांच्या टाळ्या. २०१२ ला ८१ विजय, २०१३ ला ७३, २०१४ ला पुन्हा ७३. हॅलडेचा खांदा गेला, लीचं कोपर गेलं. जुलै २०१४ नंतर लीने कधी चेंडू टाकला नाही आणि त्याच्या बदल्यात आपल्याला काही मिळालंही नाही. अटलीला शेवटी ऑगस्ट २०१५ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, दुखऱ्या घोट्यानिशी लॉस एंजेलिसला दिलं. बदल्यात जे दोघे आले त्यांची नावं आज फिलीजच्या पक्क्या चाहत्यालाही पटकन आठवणार नाहीत. त्या वर्षी ९९ पराभव. बाद फेरीचा ऑक्टोबर पुन्हा पाहायला २०२२ उजाडलं.

मिडलटनसाहेब, तुम्ही तेव्हाही भागीदार होता. तुम्ही हे सगळं जवळून पाहिलं आहे.

त्या सगळ्या पडझडीत एक सौदा मात्र बरा झाला, आणि तो का बरा झाला ते पाहण्यासारखं आहे. हॅमल्स. २००८ च्या वर्ल्ड सिरीजचा मानकरी, आमच्या घरातला सगळ्यांत लाडका. २५ जुलै २०१५ ला त्याने शिकागोत नो-हिटर टाकला, म्हणजे सामनाभर एकही यशस्वी फटका मारू दिला नाही, आणि सहा दिवसांनी तो टेक्ससचा झाला. वय एकतीस, हात शाबूत, कराराची वर्षं शिल्लक. म्हणून बदल्यात मुठीने पोरं मिळाली. त्यातली बरीचशी वाया गेली, हे खरं. पण त्यात होर्हे अल्फारो नावाचा कॅचर होता. २०१९ मध्ये तो अल्फारो आणि आणखी दोघे देऊन आपण मायामीकडून रिअलम्यूटो आणला. २८ ऑक्टोबर २०२२ ला ह्यूस्टनमध्ये, वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात, दहाव्या इनिंगमध्ये रिअलम्यूटोने जो होम रन मारला तो खरं म्हणजे हॅमल्सच्या सौद्यातून आला होता. हॅमल्सच्या आदल्या हिवाळ्यात रॉलिन्स दिला होता, त्याच्या बदल्यात पिचर एफ्लिन आला, तोही २०२२ च्या संघात होता. जुनं झाड वेळेवर छाटलं तर सात वर्षांनी का होईना, फळ लागतं.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसलो ते.

म्हाताऱ्या होणाऱ्या खेळाडूंना धरून ठेवताना प्रत्येक वेळी आमचं नाव पुढे केलं जातं. लोकांना तो आवडतो, लोक नाराज होतील, लोक तिकिटं घेणार नाहीत. माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे, आमचं प्रेम तुमच्या निर्णयाचं कारण म्हणून वापरू नका. आमच्या प्रेमाला काय लागतं ते तुम्हाला नीट ठाऊक नाही.

१६ ऑगस्ट २०१६, मंगळवार. अटली डॉजर्सच्या निळ्या-करड्या कपड्यांत पहिल्यांदा परत आला. मी वरच्या मजल्यावर होतो, मुलगी तेव्हा लहान, खांद्यावर. तो पहिल्यांदा बॅट घेऊन आला तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं आणि बसेचना. पाचव्या इनिंगमध्ये त्याने आपल्याविरुद्ध होम रन मारला. लोक उभे. सातव्यात तिन्ही बेस भरलेले असताना त्याने पुन्हा मारला, ग्रँड स्लॅम, एका फटक्यात चार धावा. लोक पुन्हा उभे. तो डगआउटमधून बाहेर येऊन हेल्मेट उंचावत होता आणि माझ्या शेजारचा सत्तरीचा गृहस्थ, ज्याला मी आयुष्यात कधी भेटलो नव्हतो, माझा दंड धरून रडत होता. आपण तो सामना ५-१५ हरलो. अशी हार आणि असा आनंद मी परत पाहिला नाही.

कुठे गेलं होतं आमचं प्रेम? कुठेच नाही. शर्ट बदलला होता एवढंच. अटलीला दोन वर्षं आधी, तो अजून जोमात असताना दिलं असतं, तरी आम्ही त्या रात्री असेच उभे राहिलो असतो. आणि बदल्यात संघाला काहीतरी मिळालं असतं.

गेल्या आठवड्यात भारतातही असंच घडलं. चेन्नईने रवींद्र जडेजाला राजस्थानला देऊन संजू सॅमसनला घेतलं. ज्याने २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून विजेतेपद आणलं, तो जडेजा, सदतिशीच्या उंबरठ्यावर. सांगलीतला माझा पुतण्या चेन्नईचा भक्त. त्याने फोनवर तासभर हळहळ केली. शेवटी म्हणाला, "काका, वाईट वाटलं, पण बरोबर केलं. तो चेपॉकला आला की आम्ही उभं राहणार." त्याच पुतण्याच्या मुंबईकर मित्रांनी गेल्या वर्षी वानखेडेवर हार्दिक पंड्याची हुर्यो उडवली होती. माझ्या मते त्यांचा राग हार्दिकपेक्षा रोहितचं कप्तानपद ज्या रीतीने काढलं गेलं त्याच्यावर जास्त होता. लोक निर्णय पचवतात. आपल्याला विश्वासात न घेणं त्यांना पचत नाही.

डोम्ब्राउस्कीसाहेब, आता थोडं तुमच्याशी.

तुमच्याबद्दल मला आदर आहे. मरगळलेल्या संघाला तुम्ही वर्ल्ड सिरीजपर्यंत नेलंत. पण डेट्रॉइटमधली एक सही मला झोपू देत नाही. मार्च २०१४. मिगेल कब्रेराच्या कराराची दोन वर्षं बाकी होती. तुम्ही त्याला आठ वर्षांचा, २४ कोटी ८० लाखांचा पुढचा करार दिलात, तो चाळिशीत पोचेपर्यंतचा. हॉवर्डसारखाच, मुदत संपायच्या दोन वर्षं आधी, शिखरावर असताना. कब्रेराने तिथे पाचशे होम रन आणि तीन हजार हिट्स (यशस्वी फटके) पूर्ण केले, डेट्रॉइटकरांनी त्याला डोक्यावर घेतलं, ते योग्यच होतं. पण २०१४ नंतर तो डेट्रॉइटमध्ये प्लेऑफचा (बाद फेरीचा) एकही सामना खेळला नाही. २०१९ मध्ये तो संघ ११४ सामने हरला. तुम्ही २०१५ च्या जुलैत प्राइस आणि सेस्पेडेसला वेळेवर दिलंत, त्यातून फुल्मर मिळाला, जो पुढच्या वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. आणि काही दिवसांतच तुम्हाला तिथून जावं लागलं. म्हणजे वेळेवर सोडायचं कसं हे तुम्हाला येतं. ते करण्याची किंमत काय असते हेही तुम्ही भोगलं आहे.

इथे मात्र सोडण्याच्या बहुतेक वाटा आधीच बुजल्या आहेत. हार्परच्या तेरा वर्षांच्या, ३३ कोटींच्या करारात त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठे पाठवता येत नाही. व्हीलर आणि नोला यांची दहा वर्षं या लीगमध्ये आणि त्यातली सलग पाच आपल्याकडे झाली, त्यामुळे नियमानेच त्यांना नकाराधिकार आहे. टर्नरचा करार २०३३ पर्यंत, वयाच्या चाळिशीपर्यंत. यंदा तो ०.३०४ च्या सरासरीने नॅशनल लीगचा अव्वल फलंदाज ठरला, पण पुढच्या आठ वर्षांची हमी कोण देणार? नोलाचा यंदाचा इआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) ६.०१, म्हणजे फारच वाईट. त्याला आज कोण घेईल?

म्हणून "विकायचे की ठेवायचे" ही चर्चा मला उशिराची वाटते. खेळाडूचा सौदा जुलैमध्ये होत नाही. तो करारावर सही करता त्या दिवशीच झालेला असतो. त्या दिवशी तुम्ही किती वर्षं लिहिता, कोणते हक्क देता, यावर पुढे तुम्हाला हात हलवता येणार की नाही ते ठरतं. या हिवाळ्यात दोन कागद अजून कोरे आहेत, श्वार्बरचा आणि रिअलम्यूटोचा.

श्वार्बरबद्दल लिहिताना माझा हात अडखळतो. २८ ऑगस्टला आम्ही घरच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन केलं आणि संध्याकाळी मैदान गाठलं. त्या सामन्यात त्याने अटलांटाविरुद्ध चार होम रन मारले. चार! चौथ्यानंतर मुलीला घसा बसल्यामुळे बोलता येत नव्हतं, ती नुसती उड्या मारत होती. त्याच्यासारखा ड्रेसिंग रूम एकत्र ठेवणारा माणूस मिळत नाही, असं त्याचे सगळे सहकारी सांगतात. तरीही मी सांगतो. तीन वर्षं द्या, वार्षिक रक्कम हवी तेवढी वाढवा. पाच वर्षं देऊ नका. मार्चमध्ये तो तेहेतीस होतो. तो मुख्यतः फक्त फलंदाजीसाठी खेळतो, मोठ्या अंगाचा आहे, आणि त्याची सगळी ताकद मनगट आणि नजर यांच्या वेळेवर उभी आहे. हॉवर्ड असाच होता. दुसऱ्या संघाने पाच वर्षं दिली तर त्याला जाऊ द्या. तो परत आला की आम्ही उभे राहू. अटलीसाठी राहिलो तसेच.

रिअलम्यूटोला दोन वर्षं, त्याहून जास्त नको. आणि त्याच्यासोबत कोणीतरी तरुण हवा. आपल्याकडे तो होता. अठरा वर्षांचा एडुआर्डो टेट. जुलैत सामन्याच्या शेवटी येणाऱ्या पिचरसाठी, डुरानसाठी, आपण त्याला आणि तरुण पिचर अॅबेलला मिनेसोटाला दिलं. डुरान उत्तम आहे, तो सौदा मी समजू शकतो. पण दर जुलैला उद्याचे कॅचर देऊन आजचा शेवटचा पिचर आणायचा आणि दर हिवाळ्यात जुन्यांचे करार वाढवायचे, या दोन गोष्टी एकत्र केल्या की २०१२ होतं.

हार्परचं वेगळं आहे. त्याला विका म्हणणाऱ्यांशी मी घरात भांडलो आहे. करारातून मधेच बाहेर पडायची वाट त्याने स्वतःच मागितली नाही, या गावात मुळं रोवायची म्हणून. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सॅन डिएगोविरुद्ध पावसात मारलेला तो आठव्या इनिंगमधला होम रन माझ्या मुलीला तिच्या वाढदिवसांपेक्षा जास्त लक्षात आहे. गेल्या महिन्यात पत्रकारांसमोर तो पुन्हा पहिल्या दर्जाचा होईल का अशी शंका तुम्ही बोलून दाखवलीत, त्यावरून महिनाभर धुरळा उडाला. तुमचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. ०.२६१ ची सरासरी आणि २७ होम रन हा हार्परचा हंगाम नव्हे. पण ते आधी त्याच्यासमोर बसून बोलायला हवं होतं. त्याला विकू नका. मात्र चाळिशीपर्यंत इथेच खेळायची इच्छा त्याने पूर्वी बोलून दाखवली आहे, तेव्हा २०३१ च्या पुढचं एकही वर्ष आत्ता लिहून देऊ नका. २०३१ आलं की पाहू.

आणि पोरांना जागा द्या. जस्टिन क्रॉफर्डला मध्य मैदान देऊन टाका, तो यंदा ट्रिपल-ए मध्ये (मुख्य लीगच्या एक पायरी खाली) ०.३३४ च्या सरासरीने खेळला, आणखी काय सिद्ध करायचं त्याने? तरुण पिचर पेंटर कोपराच्या शस्त्रक्रियेतून परत आला आहे, त्याला घाई नको, पण जागा हवी. एडन मिलरला कोणत्याही सौद्यात घालू नका. बोम आणि लुझार्डो पुढच्या हंगामाअखेर करारातून मोकळे होतील. त्यांना ठेवायचं असेल तर आत्ता बोला, नसेल तर बदल्यात काही मिळत असताना सोडा. पिचर सांचेझ यंदा साय यंगच्या (सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या) मतदानात दुसरा आला. नव्या संघाचा कणा कुठे आहे हे त्यावरून दिसतंच आहे.

मला तुमच्यावरचं ओझंही दिसतं. पुढच्या जुलैत ऑल-स्टार सामना (सगळ्या संघांतल्या निवडक खेळाडूंचा) आपल्या मैदानावर आहे, देशाच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं होत आहेत, सगळा देश फिलाडेल्फियाकडे बघणार. अशा वर्षी ओळखीचे चेहरे भिंतीवरच्या मोठ्या चित्रांत हवेत, हे कोणत्याही मालकाला वाटेल. पण ऑल-स्टार सामना एका रात्रीत संपतो. नोलाचा करार २०३० पर्यंत आहे.

फेब्रुवारीत संघ फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरला सरावाला जमेल, तेव्हा दोघांनी एकदा लोकांसमोर बसा. कोणाला किती वर्षांसाठी ठेवलं, कोणाला का जाऊ दिलं आणि जुलैत आपण मागे असलो तर काय करणार, हे साध्या शब्दांत सांगा. आम्हाला आकडे कळतात. या गावातल्या म्हाताऱ्या बायकाही बुलपेनचे (राखीव पिचरांचे) हिशेब तोंडपाठ सांगतात.

मुलीला ९ ऑक्टोबरच्या रात्री मी उत्तर दिलं नव्हतं. ती हे पत्र इंग्रजीत करायला बसली आहे आणि श्वार्बरच्या परिच्छेदापाशी अडली आहे. म्हणते, "बाबा, हे खरंच पाठवायचं?" मी हो म्हणालो. पहिल्या सामन्याला आम्ही तिघंही येतो आहोत, वरच्या मजल्यावर, नेहमीच्या जागी. शेजारच्या आजोबांचं तिकीटही काढलं आहे.

आपला,
एक्स्टनचा एक मराठी फिलीजवाला